आफ्रिकेतील बाभळींचे वर्गीकरण : काटा पाहावा, फूल पाहावे की शेंग?

सवाना (धागाकर्ती)

फिलिप मिलर यांनी १७५४ मध्ये ॲकेशिया हा वंश प्रसिद्ध केला आणि पुढे त्याची आदर्श जाती (वंशाचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती) म्हणून नाईलकाठची बाभूळ, म्हणजे आपल्या शेताच्या बांधावर उभी असते तीच, मानली गेली. त्यानंतर अडीचशे वर्षे आफ्रिकेतील सपाट माथ्याची काटेरी झाडे याच एका नावाखाली नांदली. आता आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील ही देशी झाडे वॅचेलिया आणि सेनेगालिया या दोन वंशांत वाटली गेली आहेत, आणि एक जाती फेडर्बिया नावाच्या तिसऱ्या वंशात एकटीच आहे. वाटणीचे अंतिम कारण जनुकीय अभ्यासात असले, तरी रानात हिंडणाऱ्याच्या खिशात प्रयोगशाळा नसते. त्याला डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवरच भागवावे लागते.

कामानिमित्त माझे वास्तव्य केनियात असते. इथल्या माहितीपुस्तिकांत साधारणपणे दोन खुणा दिलेल्या आढळतात. काटे सरळ आणि जोडीने असून फुले गोंड्यासारखी गोल असली तर वॅचेलिया. काटे आकड्यासारखे वाकडे असून फुले लांबट तुऱ्यात असली तर सेनेगालिया. नैवाशा सरोवराच्या काठची पिवळ्या खोडाची झाडे आणि सांबुरूच्या बाजूची काटेरी झुडपे पाहताना हा नियम उत्तम चालतो. मात्र किटालेच्या परिसरात, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, मला एक झाड आढळले, ज्याचे काटे सरळ, जोडीने आणि पानाच्या देठाशी आहेत, पण फुले दुधाळ रंगाच्या लांबट तुऱ्यात आहेत. म्हणजे अर्धे झाड एका वंशातले आणि अर्धे दुसऱ्यातले!

या विषयाच्या जाणकारांना माझा प्रश्न असा, की दोन खुणा परस्परविरोधी साक्ष देऊ लागल्या तर कोणत्या खुणेला अधिक वजन द्यावे आणि का? चर्चा शक्यतो आफ्रिकेतील जातींपुरती ठेवावी, ही विनंती. आपल्याकडच्या जातींची तुलना उपयोगी पडत असेल तर ती अवश्य यावी.

काटेकोर

सवानाताई, प्रश्न नेमका विचारला आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. वजन काट्याला द्यावे. मात्र त्याच्या आकाराला नव्हे, तर उगमाला.

वनस्पतीच्या अंगावर टोचणारी प्रत्येक गोष्ट एकाच प्रकारची नसते. गुलाबाचा काटा सालीच्या बाह्य थरातून उगवतो. अंगठ्याने बाजूला दाबला तर तो स्वच्छ तुटतो आणि मागे एक गुळगुळीत व्रण राहतो. बोरीचा काटा हे उपपर्णाचे रूपांतर असते. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना जी दोन इवलीशी उपांगे असतात ती उपपर्णे, आणि बोरीत तीच कडक होऊन काटे बनतात. वॅचेलियाचे काटे बोरीच्या प्रकारातले आहेत आणि सेनेगालियाचे गुलाबाच्या. वॅचेलियाचा काटा उपटायला गेल्यास तो सहजी सुटत नाही, कारण तो आतील ऊतींशी जोडलेला असतो.

प्रत्यक्ष पाहणीची पद्धत अशी. पान अजून गळलेले नाही अशी कोवळी फांदी निवडावी आणि देठ फांदीला जिथे चिकटतो तो सांधा भिंगाखाली धरावा. दोन काटे देठाच्या बरोबर दोन बाजूंना, त्याच पातळीवर असतील आणि वेगळी उपपर्णे कुठेच दिसत नसतील, तर उपपर्णेच काटे झाली आहेत हे नक्की. याउलट काटे सांध्याच्या किंचित खाली असतील, किंवा दोन सांध्यांच्या मधल्या भागात विखुरलेले असतील, आणि अगदी कोवळ्या शेंड्याजवळ पातळ, बिनकाटेरी उपपर्णे वेगळी दिसत असतील, तर ते झाड सेनेगालिया होय. ही उपपर्णे लवकर गळतात, म्हणून जून फांदी या तपासणीच्या कामाची नाही.

ही विभागणी आजची नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम यांनी १८७५ मध्ये ॲकेशियाचे सहा गट पाडले, तेव्हाच काटेरी उपपर्णांच्या जाती एका गटात आणि सालीवरच्या काट्यांच्या जाती दुसऱ्या गटात ठेवल्या होत्या. विसाव्या शतकात परागकणांचा अभ्यास झाला, तेव्हा वॅचेलियाच्या परागकणांवर छिद्रांबरोबर खाचाही आढळल्या आणि सेनेगालियाच्या कणांवर नुसती छिद्रे. त्यानंतरच्या जनुकीय अभ्यासात हे दोन गट एकमेकांचे सख्खे शेजारीसुद्धा नाहीत असे दिसून आले. बेंथम यांनी वाळलेले नमुने भिंगाखाली धरून ओढलेली ही रेघ सव्वाशे वर्षांनंतरही बहुतांशी तशीच टिकली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आता ‘सरळ’ आणि ‘वाकडा’ या विशेषणांकडे वळू. पूर्व आफ्रिकेत सर्वत्र आढळणारी वॅचेलिया टॉर्टिलिस, म्हणजे छायाचित्रांमुळे जगभर ओळखीचे झालेले ते सपाट छत्राचे झाड, एकाच फांदीवर दोन प्रकारचे काटे बाळगते. काही जोड्या लांब, सरळ आणि पांढऱ्या असतात. काही आखूड आणि आकड्यासारख्या वळलेल्या. हे दोन्ही प्रकार उपपर्णांपासूनच झालेले आहेत. ज्याने केवळ आकडा पाहिला तो या झाडाला सेनेगालिया म्हणून मोकळा होईल. ज्याने सांधा पाहिला तो चुकणार नाही.

तृणपाती

काटेकोर सर, एक शंका. कोकणात आमच्या घरामागच्या बेड्यात शिकेकाईचा वेल आहे. त्याचे काटे वाकडे आणि विखुरलेले आहेत, पण फुले मात्र बाभळीसारखी गोल गोंड्यांची येतात. शिकेकाईही आता सेनेगालियात गेली आहे असे वाचनात आले. मग पुस्तिकेतला फुलांचा नियम आपल्याच परसात मोडतो की काय?

काटेकोर

मोडतोच, आणि आफ्रिकेतही तो तसाच मोडतो. केनियाच्या कोरड्या झुडपी रानात सेनेगालिया ब्रेव्हिस्पिका नावाची पसरट, वेलीसारखी चढणारी जाती विपुल आहे. काटे विखुरलेले आणि वाकडे, फुलांचे गोंडे गोल. म्हणजे तुमच्या शिकेकाईचीच जवळची नातलग. वस्त्र अडकले की सोडवेनासे होते, हा अनुभवही सारखाच.

याच्या उलट बाजूचा अपवादही आहे. वॅचेलिया लाहाई आणि वॅचेलिया बुसेई या दोन पूर्व आफ्रिकी जातींचे काटे उपपर्णांचे आहेत, परागकण वॅचेलियाचे आहेत, पण फुले तुऱ्यात येतात. शिवाय सेनेगालिया मेलिफेरा ही जाती अधल्यामधल्या अवस्थेतली आहे. तिचा तुरा इतका आखूड असतो की लांबून तो गोलच वाटतो. तिच्या बाबतीत फुलापेक्षा पान अधिक बोलके असते. बहुतेक बाभळींची पाने बारीक पर्णिकांची, पिसांसारखी असतात. मेलिफेराच्या पानाला मात्र दोन-तीनच उपशाखांच्या जोड्या आणि प्रत्येक उपशाखेवर रुंद पर्णिकांच्या एक-दोनच जोड्या असतात. एवढ्या खुणेवरून ती जवळजवळ निश्चित करता येते.

तेव्हा फुलोऱ्याचा आकार ही सोयीची खूण आहे, निर्णायक नव्हे. ज्यांच्याकडे चांगले भिंग आहे त्यांनी फुलोऱ्याऐवजी एकेक फूल उलगडून पाहावे. सेनेगालियाच्या बीजकोशाला खाली बारीक देठ असतो आणि त्याच्या तळाशी मधुरसाची चकती असते. वॅचेलियात बीजकोश थेट बसलेला असतो आणि चकती नसते.

कोरडवाहू

मी मलावीत शेती विस्ताराच्या कामात आहे, म्हणून फेडर्बियाविषयी लिहितो. सवानाताईंच्या झाडाचे वर्णन वाचताच मला प्रथम फेडर्बिया आल्बिडा आठवले, कारण त्याचेही काटे सरळ, जोडीने आणि उपपर्णांचे असतात आणि फुले दुधाळ तुऱ्यात येतात. नियम दोन्ही बाजूंनी मोडणारे हे झाड ऑग्युस्त शेव्हालिए यांनी १९३४ मध्येच ॲकेशियातून बाहेर काढून स्वतंत्र वंशात ठेवले होते. आजचा वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधी या झाडाची वाटणी होऊन गेलेली आहे.

वेगळे काढण्याचे मुख्य कारण पुंकेसरांत आहे. ॲकेशिया म्हणवल्या गेलेल्या आफ्रिकी जातींत पुंकेसरांचे तंतू सहसा मोकळे असतात; फेडर्बियात ते तळाशी जुळून एक अगदी आखूड नळी बनते. पानाच्या मुख्य देठावर ग्रंथी नसते, मात्र उपशाखांच्या प्रत्येक जोडीच्या सांध्यावर ती असते. कोवळ्या फांद्या पांढुरक्या, पाने निळसर राखाडी, आणि शेंग नारिंगी रंगाची, जाड आणि वेटोळी होत जाणारी. ही शेंग एकदा पाहिली की पुन्हा विसरणे शक्य नाही. आमच्याकडे गुरे तिच्यावर अक्षरशः तुटून पडतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र याची खरी ओळख ऋतूंच्या उलट्या क्रमात आहे. भर पावसाळ्यात हे झाड निष्पर्ण असते आणि कोरड्या ऋतूत पालवते. त्यामुळे मका किंवा बाजरी त्याच्याखाली पेरली तरी पिकाला सावलीचा जाच होत नाही. उलट गळलेला पाला आणि सावलीला बसणाऱ्या जनावरांचे शेण यांमुळे जमीन सुधारते. सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यापासून झांबियापर्यंत शेतकरी शेतात ही झाडे मुद्दाम राखतात. आपल्याकडे बांधावरच्या बाभळीची सावली पिकाला मारते म्हणून तिच्यावर कुऱ्हाड चालते, ते पाहिलेल्या माणसाला हे दृश्य चकित करणारे आहे.

पिंपळपान

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ अन्यायाचा उल्लेख कोणी केला नाही. ॲकेशिया हे नाव ज्या झाडावरून पडले ते आफ्रिका आणि भारतातले, आणि आज ते नाव राहिले ऑस्ट्रेलियाकडे! २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत हा निर्णय झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक मते त्याच्या विरोधात होती. पण समितीची शिफारस फेटाळण्यासाठी साठ टक्के मते लागत होती आणि तेवढी पडली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले. शारीरिक खुणांवरून वर्गीकरण करावे आणि नावे मात्र मतदानाने वाटावीत, हे मला पटत नाही.

काटेकोर

पिंपळपान, आपली नाराजी समजते. आफ्रिकेतील अनेक अभ्यासकांनीही ती व्यक्त केलेली आहे. तरीही वर्गीकरण आणि नामकरण या दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवाव्यात. हे गट परस्परांहून भिन्न आहेत, हा निष्कर्ष मतदानाचा नव्हता. प्रश्न एवढाच होता, की जुने नाव कोणत्या गटाने ठेवावे. ऑस्ट्रेलियातील गटात जवळपास एक हजार जाती आहेत, तर आफ्रिकेतील सर्व मिळून दीडशेच्या आसपास. नाव आदर्श जातीच्या गटाकडे राहते हा नियम काटेकोरपणे लावला असता तर त्या हजार जातींची नावे बदलावी लागली असती. मला व्यक्तिशः नियम पाळला गेला असता तर बरे वाटले असते, परंतु व्यवहाराची बाजूही अगदीच लंगडी नव्हती.

आणि वॅचेलिया हे नाव तरी आपल्याला परके कुठे आहे? रॉबर्ट वाइट आणि जॉर्ज वॉकर-आर्नॉट यांनी ते १८३४ मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील ग्रंथात, देवबाभळीसाठी प्रसिद्ध केले. देवबाभूळ मूळची अमेरिकेतली. म्हणजे अमेरिकेच्या झुडपाला भारतीय वनस्पतींच्या ग्रंथात दिलेले नाव आज आफ्रिकेच्या माळरानावरील झाडे धारण करतात. आफ्रिकेतील जातींची नव्या नावांनी शिस्तशीर फेरमांडणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यात आफ्रिकी अभ्यासकांचाच पुढाकार होता.

सवाना

सर्वांचे आभार. नावांचा वाद इथे थांबवून पुन्हा खुणांकडे येते, कारण वंश ठरल्यानंतरचे काम अधिक किचकट आहे. एका वंशातील जाती वेगळ्या करताना माझा अनुभव असा, की शेंगेइतकी प्रामाणिक साक्ष दुसरे काहीच देत नाही. वॅचेलिया टॉर्टिलिसची शेंग स्प्रिंगसारखी वळलेली असते. नाईलकाठच्या बाभळीत तर उपजाती ठरवण्यासाठीही शेंगच पाहतात: भारतातील प्रकाराची शेंग दोन बियांमध्ये खोलवर आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी आणि पांढुरक्या लवेची असते, तर केनियाच्या अंतर्भागातील प्रकाराची शेंग अशी आवळलेली नसते, तिच्या कडा बऱ्याच सरळ असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ही आपलीच बाभूळ आहे यावर माझा विश्वास बसेना; पिवळे गोंडे आणि काळपट भेगाळ खोड मात्र हुबेहूब तेच होते. आपल्याकडची रामकाठी बाभूळ, जिच्या फांद्या झाडूसारख्या वर आवळलेल्या असतात, हीसुद्धा याच जातीची एक उपजाती आहे.

खोडाच्या रंगावर मात्र फार विसंबू नये असे मला वाटते. नैवाशा आणि नाकुरूच्या काठची वॅचेलिया झँथोफ्लिया तिच्या हिरवट पिवळ्या, भुकटी सुटणाऱ्या सालीमुळे लगेच ओळखू येते. बोट फिरवले की पिवळी पूड बोटाला लागते, आणि खालची साल हिरवी दिसते. युरोपीय प्रवाशांनी तिला तापाचे झाड म्हटले, कारण ती पाणथळ जागी वाढते आणि पाणथळ जागी हिवताप होत असे. बिचाऱ्या झाडाकडे डासांचा दोष गेला. पण वॅचेलिया सेयालची सालही काही ठिकाणी अशीच हिरवट पिवळी आणि भुकटीची असते, काही ठिकाणी तांबूस तर काही ठिकाणी पांढुरकी. दोन्हींची साल पिवळी असेल तेव्हा शेंगच निर्णय देते. सेयालची शेंग अरुंद, कोयत्यासारखी वाकडी असून झाडावरच उकलते; झँथोफ्लियाची बऱ्यापैकी सरळ असून ती न उकलता तुकड्यातुकड्यांनी तुटते.

माळरान

काट्याच्या लांबीबद्दल कोणीतरी लिहावे. केनियातील लायकिपियाच्या काळ्या मातीत वॅचेलिया ड्रेपॅनोलोबियम पाहिली. तिच्या काही काट्यांच्या बुडाशी पोकळ, काळपट गोळे असतात आणि त्यांत मुंग्या राहतात. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की शीळ ऐकू येते. हे गोळे आणि काट्याची लांबी ही जाती ओळखण्याची खूण मानता येईल का?

काटेकोर

गोळे मानता येतील, लांबी मानू नये. फुगीर बुडाचे काटे हे झाड स्वतःच बनवते. मुंग्या नसल्या तरी ते येतात. तथापि ही खूण एकाच जातीपुरती नाही. सेयालच्या दोन प्रकारांपैकी एकाला असे फुगीर काटे असतात आणि दुसऱ्याला नसतात. म्हणून गोळे दिसले तर सोबत साल आणि शेंगही पाहावी. ड्रेपॅनोलोबियमची साल भुकटीची नसते.

लांबीची गोष्ट वेगळी आहे. लायकिपियातच कुंपण घालून जिराफ, हत्ती यांसारखे मोठे प्राणी दूर ठेवण्याचे दीर्घ प्रयोग झाले आहेत. कुंपणाच्या आतील झाडांच्या नव्या फांद्यांवरील काटे आखूड होत गेले. एकाच झाडावरही जनावरांचे तोंड पोहोचते त्या उंचीचे काटे लांब आणि वरचे आखूड आढळतात. तेव्हा लांबी झाडाच्या कुळापेक्षा त्याने सोसलेल्या चराईविषयी अधिक सांगते.

छत्राच्या आकाराचेही थोडेफार तसेच आहे. तरुण टॉर्टिलिसचा माथा सपाट नसतो आणि म्हाताऱ्या झाडाचा असतो. शिवाय सपाट माथ्याच्या इतरही जाती आहेत. काट्यांची संख्या मात्र काही वेळा फार उपयोगी पडते. सुदानच्या कोर्दोफानमधून ज्याचा डिंक जगभर जातो ते सेनेगालिया सेनेगाल सहसा तीन-तीन काट्यांच्या गटावरून ओळखता येते: कडेचे दोन वर वळलेले आणि मधला खाली. आपल्या खैरालाही आकड्याचे काटे असतात, पण जोडीने.

आता सवानाताईंच्या झाडाकडे येऊ. वंशाची शंका फिटण्यासाठी चार गोष्टी हव्यात: पुंकेसरांचे तंतू तळाशी जुळलेले आहेत की सुटे, कोवळ्या फांद्यांचा रंग, शेंगेचा आकार, आणि पावसाळ्यात झाडावर पाने होती की नाही.

सवाना

परिसरातील ओळखीच्या शेतकऱ्याकडून फुले आणि शेंगा मागवून घेतल्या. दहापट भिंगाखाली फूल उभे चिरून पाहिले. तंतू तळापर्यंत सुटे आहेत, नळी कुठेही नाही. कोवळ्या फांद्या तपकिरी आहेत, पांढुरक्या नाहीत. शेंग तपकिरी, चपटी, किंचित वाकलेली आहे आणि तिला वेटोळे अजिबात नाही. शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार पावसात झाड हिरवेगार असते. खोडाची साल खडबडीत आणि गडद आहे, आणि माथा सपाट आहे.

कोरडवाहू

मग फेडर्बिया बाद. पावसात हिरवे राहणारे झाड म्हणजे माझी जात नव्हे, एवढे मी शेंग न पाहताही सांगू शकतो.

काटेकोर

सहमत. उपपर्णांचे काटे, सुटे पुंकेसर, लांबट तुरा, वेटोळे नसलेली तपकिरी शेंग, सपाट माथा आणि दोन हजार मीटरची उंची हे सर्व वॅचेलिया लाहाईशी जुळते. किटाले आणि एल्गन पर्वताचा भोवताल हे तिचे नेहमीचे क्षेत्रही आहे. बुसेई ही कोरड्या, सखल प्रदेशातली जाती असल्याने ती इथे संभवत नाही. नमुना दाबून ठेवला असेल तर फुलोरा आणि शेंग एकाच कागदावर लावावीत आणि फांदीचा तुकडा सांध्यासकट ठेवावा; पानाचा देठ आणि दोन्ही काटे एकत्र दिसले पाहिजेत. नैरोबीच्या वनस्पतिसंग्रहालयात नमुने ताडून पाहता येतील.

तृणपाती

आज शिकेकाईच्या कोवळ्या शेंड्याशी भिंग घेऊन बसले होते. पातळ उपपर्णे खरोखर वेगळी दिसली, आणि खालच्या पानांशी त्यांचा मागमूसही नव्हता. काटे सांध्यापाशी नव्हतेच, मधल्या भागात मनाला येतील तिथे उगवलेले होते.